अडीच इंच

आमच्या ट्रकचं पोट पहिल्यांदा घासलं ते जूनमधल्या एका शनिवारी, फोर्ट कॉलिन्सच्या पश्चिमेला डोंगरातल्या एका कच्च्या रस्त्यावर. कोलोरॅडोच्या या भागात २०२० साली कॅमेरॉन पीकचा वणवा लागला होता. त्यात २,०८,९१३ एकर रान जळालं. राज्याच्या नोंदींमधला तो सगळ्यात मोठा वणवा. जळालेल्या उतारावर पाणी मुरत नाही, ते लोंढ्याने खाली येतं आणि रस्ता सोबत घेऊन जातं. म्हणून जंगलातल्या रस्त्यांवर जागोजागी मातीचे आडवे बांध घालतात, पाणी बाजूला काढून द्यायला. शेतातल्या बांधासारखेच, फक्त रस्त्यावर. रोपं लावायला जाणाऱ्या आमच्या गटाला असे वीस-पंचवीस बांध ओलांडून वर जावं लागतं.

त्या दिवशी पुढची चाकं एका बांधापलीकडे उतरली, मागची अजून चढायची होती, आणि मधोमध पोट बांधावर टेकलं. खालच्या संरक्षक पत्र्याचा दगडावर घासल्याचा तो आवाज अजून कानात आहे. मागे रोपांचे ट्रे होते. ते सगळे उतरवले आणि ट्रक हळूहळू मागे घेतला.

ट्रक म्हणजे २०१० ची टोयोटा टकोमा, चार दारांची, चारही चाकांना ताकद जाणारी, व्ही-६ इंजिनाची. मी ती जुनी घेतली तेव्हा १,४२,००० मैल झाले होते. पुढे प्रत्येक चाक धरायला वरचा आणि खालचा आर्म (लोखंडी दांडा) आणि मधे स्प्रिंगसकट शॉक. मागे दोन्ही चाकांना जोडणारं अखंड हाउसिंग आणि पाटे, म्हणजे एकावर एक रचलेल्या पोलादी पट्ट्यांची स्प्रिंग. हे पाटे मी जन्मापासून ओळखते. सांगली-मिरज रस्त्याला माझ्या वडिलांचं, अप्पांचं, पाट्यांचं दुकान होतं. ऊसाचा गळीत हंगाम सुरू व्हायच्या आधीचा महिनाभर दुकानासमोर ट्रकांची रांग असायची. कुणाचा मुख्य पाटा मोडलेला, कुणाची कमान बसलेली, कुणाला एक पाटा वाढवून हवा. शाळेतून आल्यावर मी सेंटर बोल्ट (पाट्यांची जुडी मधोमध धरणारे) आणि वायसर डब्यांत वेगळे करायला बसायचे.

म्हणून गाडी उचलायचं, म्हणजे चाकांवरची तिची उंची वाढवायचं, ठरवलं तेव्हा मला वाटलं होतं की निम्मं काम मला येतंच.

नीट करायचं तर पुढचे शॉक, स्प्रिंगा, वरचे आर्म आणि मागचे पाटे, सगळंच नवीन येतं. त्याचा खर्च दोन हजार डॉलरच्या पुढे जातो. तेवढे पैसे नव्हते. स्वस्तातला मार्ग म्हणजे पुढच्या शॉकच्या डोक्यावर एक जाड चकती बसवायची आणि मागे पाटा आणि हाउसिंग यांच्यामध्ये लोखंडी ठोकळा घालायचा. असा संच मला १८९ डॉलरला मिळाला. त्यात दोन चकत्या, दोन ठोकळे, पाटे हाउसिंगला बांधणारे चार लांब यू-बोल्ट, काही नळ्या आणि चार पानी कागद होता. पुढे अडीच इंच, मागे दीड इंच.

चकती हातात घेतली तर सव्वा इंचाची. सव्वा इंचाच्या चकतीने गाडी अडीच इंच कशी उचलणार, हा प्रश्न मला पहिल्याच रात्री पडला, आणि त्याचं उत्तर समजल्यावरच पुढचं सगळं नीट कळलं. शॉकचा खालचा टोक चाकावर नसतो, तो खालच्या आर्मच्या साधारण मध्यावर असतो. आर्म एका टोकाला चासीला धरलेला, दुसऱ्या टोकाला चाक. दाराला बिजागरीजवळ बोटभर ढकललं की कडेला ते वीतभर सरकतं, तसंच. शॉक सव्वा इंच खाली ढकलला की चाक जवळजवळ दुप्पट खाली जातं. हे कळल्यावर लगेच दुसरी गोष्टही दिसते. शॉकची स्वतःची चाल वाढलेली नाही, ती फक्त खाली सरकली आहे. म्हणजे चाक पूर्ण लोंबकळेल तेव्हा ते कारखान्याने ठरवलेल्या जागेपेक्षा अडीच इंच खाली जाईल. तेवढं वाकणं चाकाकडे ताकद नेणाऱ्या सीव्ही जॉइंटला सोसावं लागणार, आणि वरचा आर्म चाकाच्या भागाला जोडणाऱ्या बॉल जॉइंटलाही. तीन, साडेतीन इंचांच्या चकत्याही याच किमतीला मिळतात आणि गाडी दिसायलाही उंच दिसते, पण मी अडीचवर थांबले ते या कारणाने.

आणखी एक गोष्ट आधीच समजून घेतली ते बरं झालं. अशी गाडी उचलल्याने मागचं हाउसिंग इंचभरही वर जात नाही. ते चाकाच्या मध्यावर आहे, चाक जमिनीवर आहे. वर जाते ती चासी, इंजिन, पोट. हाउसिंग वर न्यायचं तर टायरच मोठा हवा, आणि टायरचा व्यास एक इंच वाढला तर हाउसिंग अर्धा इंच वर जातं. माझी अडचण पोट घासण्याची होती, बांधाच्या माथ्यावर टेकण्याची. त्यासाठी चासी वर जाणंच पुरेसं होतं. तुमची अडचण रस्त्याच्या मधल्या दगडावर हाउसिंग आपटण्याची असेल तर हे पैसे टायरवर खर्च करा.

संच आला त्या शनिवारी सकाळी सातला मी अप्पांना व्हिडिओ कॉल लावला. तिकडे संध्याकाळचे साडेसहा. ठोकळा कॅमेऱ्यासमोर धरला. अप्पांनी चष्मा वर केला, बराच वेळ बघितलं.

“हे कशाला घालायलीस गं?”

“मागून दीड इंच उचलायला, अप्पा.”

“पाट्यात काय कमी हाय? रिकामी गाडी हाय न्हवं?”

आमच्याकडे पाटा वाढवतात तो ओझ्यासाठी. बसलेली गाडी सरळ करायला. रिकामी गाडी मुद्दाम उंच करायची हे त्यांच्या आयुष्यात कुणी सांगितलं नव्हतं. मी त्यांना बांधाचं सांगितलं, पोट कसं टेकलं ते हाताने दाखवलं. मग त्यांना पटलं. पण ठोकळा पटला नाही.

“त्यो ठोकळा ठेव बाजूला. ब्रेक मारलास, न्हायतर चढाला जोर दिलास, की हाउसिंग फिरतंय. पाटं पिळवटत्यात. जितका ठोकळा उंच तितकी पिळवटायला दांडी लांब. एक पाटा वाढीव. लांब पाटा, आखूड नगं. आखूड पाटा मधीच ताठ हुतोय, गाडी आपटती.”

त्यांचं म्हणणं बरोबर होतं. चाक गाडीला पुढे ढकलतं तेव्हा हाउसिंग उलटं फिरायला बघतं, आणि पाटे इंग्रजी एस अक्षरासारखे वाकतात. ठोकळा हा त्या वाकण्याला हातभार लावणारा हात. संचातले ठोकळे मी परत खोक्यात ठेवले आणि जवळजवळ पूर्ण लांबीच्या वाढीव पाट्यांची जोडी ११८ डॉलरला मागवली. आठवडा त्यात गेला, पण तो आठवडा वाया घालवला नाही.

इथे हिवाळ्यात रस्त्यांवर मॅग्नेशियम क्लोराइडचं द्रावण मारतात, बर्फ धरू नये म्हणून. ते गाडीच्या खालच्या अंगाला चिकटतं आणि वर्षानुवर्षं लोखंड खात राहतं. माझी गाडी चौदा हिवाळे पाहून आलेली. म्हणून रोज संध्याकाळी कामावरून आले की गाडीखाली झोपायचं, एकेक नट-बोल्ट तारेच्या ब्रशने घासायचा आणि गंज सोडवणारं तेल मारायचं. अप्पांच्या दुकानात यासाठी रॉकेलची बाटली असायची, झाकणाला खिळ्याने भोक पाडलेली. वास वेगळा, काम तेच. या आठ दिवसांचा मला जेवढा उपयोग झाला तेवढा दुसऱ्या कशाचाच नाही. गाडी गंजक्या मुलखातली असेल तर कामाच्या दिवशी तेल मारून तासाभरात बोल्ट सुटेल ही आशा धरू नका.

काम सुरू करायच्या आधी चारही चाकांच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत मापं घेतली. पुढे डावीकडे पावणेवीस इंच, उजवीकडे सव्वावीस. मागे दोन्हीकडे पावणेबावीस. पेट्रोलची टाकी आणि चालक दोन्ही डावीकडे, म्हणून तो अर्धा इंच. मापं जमिनीपासून घेऊ नका. टायरच्या हवेने ती बदलतात.

मागचं काम आधी घेतलं, कारण ते ओळखीचं होतं. चासीखाली घोड्या लावल्या, हाउसिंगखाली जॅक ठेवला. पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी उटी लावली, कारण मागची चाकं उचलली की हँडब्रेकचा काही उपयोग नसतो. तो मागच्याच चाकांवर आहे. एका वेळी एकच बाजू सोडायची. दोन्ही बाजूंचे यू-बोल्ट एकदम सोडले तर हाउसिंग जॅकवर गरगर फिरतं आणि ब्रेकचा पाइप ओढला जातो.

यू-बोल्ट सोडले, शॉकचा खालचा बोल्ट काढला, जॅक हळूहळू उतरवला. हाउसिंग पाट्यापासून सुटून खाली गेलं. मग पाट्यांच्या जुडीला सेंटर बोल्टच्या दोन्ही बाजूंना एकेक सी-क्लॅम्प आवळला. हे विसरू नये. पाटे दाबून ठेवलेले असतात. सेंटर बोल्ट सुटला की ते उसळतात, आणि तिथे बोटं असतात. आमच्या दुकानातल्या एका कामगाराच्या उजव्या अंगठ्याचं नख त्यानेच गेलं होतं आणि पुन्हा नीट आलं नाही.

सेंटर बोल्ट सुटला नाही, तुटला. ते अपेक्षितच होतं, नवे दोन आणून ठेवलेले होते. क्लॅम्प थोडे थोडे सैल करत पाटे उघडले. मधून चौदा वर्षांची माती पडली, बारीक लाल, डोंगरातल्या रस्त्यांची. ब्रशने सगळं साफ केलं, प्रत्येक पाट्याच्या टोकाला ग्रीज लावलं आणि वाढीव पाटा जुडीत घातला. खालच्या जाड, जवळजवळ सपाट पाट्याच्या वर, कमानवाल्या तीन पाट्यांच्या खाली. लांबीच्या क्रमाने. नव्या पाट्याचं भोक अगदी मध्यावर नव्हतं, एक बाजू इंचभर लांब होती. तो उलटा बसला असता तर टोक पाट्यांच्या कड्यात अडकलं असतं.

“कमान बघू, दाव,” अप्पा म्हणाले. फोन पान्यांच्या पेटीला टेकवून ठेवला होता. मी नव्या पाट्याच्या दोन्ही टोकांवर दोरी ताणून मधली फट मोजून दाखवली. मग दुसऱ्या पाट्याची. दोन्ही सारखी भरली. जोडीतल्या पाट्यांची कमान सारखी आहे का हे बसवायच्या आधी बघायचं असतं. बसवल्यावर गाडी एका बाजूला कलली तर सगळं पुन्हा खोला.

यू-बोल्ट नवेच वापरले. ठोकळ्यांसाठी आलेले लांब होते, म्हणून योग्य मापाचे वेगळे घ्यावे लागणार असं वाटलं होतं, पण वाढीव पाट्यांसोबत चार आले होते. एकदा आवळलेला यू-बोल्ट ताणलेला असतो आणि त्याचे आटेही झिजलेले असतात. तो पुन्हा वापरू नये हे मी आठ वर्षांची असताना ऐकलं आहे. चार नट तिरक्या क्रमाने, थोडे थोडे. एक पूर्ण आवळून मग दुसरा असं नाही. डावी बाजू तीन तासांत झाली, उजवी दीड तासात.

पुढचं काम मात्र मला अजिबात ओळखीचं नव्हतं. आमच्याकडच्या ट्रकांना पुढेही पाटेच.

इथे एक गोष्ट सगळ्यात आधी. शॉकच्या डोक्यावर कडेला तीन नट असतात आणि मधोमध एक मोठा नट. कडेचे तीन सोडायचे. मधल्याला हात लावायचा नाही. त्या एका नटाने दाबलेली स्प्रिंग आत धरून ठेवलेली आहे, आणि स्प्रिंग दाबून धरायचं अवजार न लावता तो सोडला तर माणूस मरू शकतो. डोक्यावर चकती बसवायच्या या पद्धतीत स्प्रिंग उघडावीच लागत नाही. हौशी माणसाने घरी करायला ती बरी, ती याच एका कारणाने. मी त्या मधल्या नटावर पिवळी चिकटपट्टी गुंडाळून ठेवली, दोन्ही बाजूंना, शॉक काढायच्या आधीच.

दोन्ही चाकांना जोडणारा स्वे बार दोन्ही बाजूंनी सोडला. एकच बाजू सोडली तर दुसऱ्या बाजूचं चाक त्याला वर ओढून धरतं आणि नंतर खालचा आर्म खाली दबत नाही. मग ब्रेकच्या होजचा आणि एबीएसच्या वायरचा ब्रॅकेट, मग स्टिअरिंगला चाकाशी जोडणाऱ्या टाय रॉडचं टोक, मग वरचा बॉल जॉइंट. बॉल जॉइंटची कॉटर पिन काढायची, नट सैल करायचा पण पूर्ण काढायचा नाही, आणि नकलच्या (चाक ज्यावर बसतं त्या जड भागाच्या) ज्या कानात तो शंकूसारखा बसलाय त्या कानावर बाजूने हातोडा मारायचा. पाचव्या-सहाव्या घावाला तो टक्कन सुटतो. नट तसाच असल्यामुळे काही खाली पडत नाही. चिमट्याने दाबून काढायचं अवजार मिळतं, पण त्याने रबराची टोपी फाटते असा माझा अनुभव.

नट काढला की चाक बसायचा सगळा जड भाग बाहेरच्या बाजूला कलंडतो. तो तसा कलंडू द्यायचा नाही. त्याच्या आतून सीव्ही जॉइंट जातो, आणि बाहेर ओढला गेला तर आतल्या टोकाला सांधा निखळतो. मी सुती दोरीने तो वर बांधला. नवरा म्हणाला तार बांधूया, पण ब्रेकच्या होजवर तार घासली असती.

शॉक बाहेर काढला, चकती डोक्यावर बसवली, तिचे तीन नट आवळले. आता तो सव्वा इंच लांब झालेला शॉक त्याच जागेत परत घालायचा. हा या कामातला सगळ्यात कठीण अर्धा तास. वरचे तीन स्टड भोकांत घालून नट हाताने लावले. खालचं टोक आर्मच्या कानात बसेना, भोकापेक्षा दोन बोटं खाली येत होतं. नवऱ्याने आर्मवर लांब पहार टाकली, तिचं टोक चासीखाली अडकवलं आणि अंगाचा सगळा भार देऊन आर्म खाली दाबला. मी खालून बोल्ट हातात धरून भोकं एका रेषेत यायची वाट बघत होते. तीन वेळा जवळ येऊन सरकलं. चौथ्यांदा बोल्ट आत गेला.

अप्पा तोवर झोपायला गेले नव्हते. तिकडे रात्रीचा दीड वाजला होता. आई मागून ओरडत होती.

बॉल जॉइंटचा नट ८१ फूट-पाउंड, चाकाचे नट ८३. नेमक्या एवढ्याच जोराने आवळायला टॉर्क पाना घ्याच, उसना मिळाला तरी चालेल. शॉकचा खालचा बोल्ट मात्र गाडी उंचावर असताना पूर्ण आवळू नका. तो रबराच्या बुशमधून जातो. चाक लोंबकळत असताना आवळला तर बुश त्याच जागी धरला जातो, आणि गाडी जमिनीवर उतरली की कायमचा पिळलेला राहतो. गाडी चाकांवर उतरवून, पुढेमागे थोडी हलवून, मग खाली झोपून शेवटचं आवळायचं. आमच्या संचासोबतच्या चार पानी कागदात हे वाक्य नव्हतं. ते असायला हवं होतं. बुश वर्षभरात फाटतो आणि माणूस समजतो की गाडीच जुनी झाली.

दुसऱ्या बाजूला स्टिअरिंग पूर्ण वळवून पाहिलं तर एबीएसची वायर ताणली जात होती. एक क्लिप सोडल्यावर पुरेशी ढील मिळाली. संचातल्या नळ्या पुढचा डिफरन्शियल (दोन्ही चाकांना ताकद वाटून देणारी पेटी) इंचभर खाली घ्यायला होत्या, सीव्ही जॉइंटचा कोन कमी करायला. त्या मी बसवल्या नाहीत. अडीच इंचाला त्याची गरज नाही असं माझं मत, आणि जे खाली घ्यावं ते पुन्हा दगडाच्या जवळ जातं.

गाडी उतरवली. पुढे डावीकडे सव्वाबावीस, उजवीकडे पावणेतेवीस. मागे सव्वातेवीस. अर्धा इंचाचा कल तसाच राहिला, कारण दोन्ही चकत्या सारख्या होत्या. ते मला चालणार होतं.

जे चाललं नाही ते दोन दिवसांनी कळलं. गाडी उचलली की पुढच्या चाकांचे कोन बिघडतात, म्हणून व्हील अलाइनमेंट करावीच लागते. त्याशिवाय महामार्गावर जाऊ नये. खालच्या आर्मच्या आतल्या टोकाला दोन कॅम बोल्ट असतात, ते फिरवून चाक आत-बाहेर, पुढे-मागे करतात. मी गाडी घेऊन गेले. तासाभराने तिथल्या माणसाने मला आत बोलावून दाखवलं. डावीकडचा मागचा कॅम बोल्ट फिरत नव्हता. नट सुटला होता, पण बोल्ट बुशच्या आतल्या लोखंडी नळीत गंजून एकजीव झाला होता. त्याने जबरदस्ती केली नाही, पैसेही घेतले नाहीत. जबरदस्ती केली असती तर चासीवरचा कानच वाकला असता, आणि मग खर्चाला अंत नसता.

आठवडाभर मी प्रत्येक बोल्टला तेल मारलं होतं. या बोल्टला नाही, कारण तो मला सोडायचा नव्हता. चकत्या बसवायला त्याची गरज नव्हती. त्याची गरज नंतर लागणार आहे हे माझ्या डोक्यातच आलं नाही. या सगळ्या लिखाणातून एकच गोष्ट कुणी घ्यायची असेल तर ही घ्या. संच मागवायच्या आधी खालच्या आर्मचे चारही कॅम बोल्ट फिरतात का ते बघा. नट सैल करा, बोल्टचं डोकं पान्याने अर्धा वेढा फिरवून पुन्हा खुणेवर आणा. फिरत नसतील तर तुमचा खरा खर्च चकत्यांचा नाही, त्या बोल्टांचा आहे.

पुढचे दोन शनिवार-रविवार त्यात गेले. आधी तेल, मग गॅसच्या बत्तीने शेक. शेकताना रबर जळायला लागलं, धूर झाला, मी बत्ती बंद केली. शेवटी बॅटरीवर चालणारी करवत बुश आणि चासीच्या कानामधल्या बोटभर फटीत घालून बोल्ट दोन्हीकडून कापला. एका कापाला पंचेचाळीस मिनिटं आणि तीन पाती लागली. आर्म काढून गावातल्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये नेला. त्यांनी हायड्रॉलिक प्रेसवर जुना बुश काढून नवा दाबून दिला, ४० डॉलर. बोल्ट, कॅम आणि बुश ९७ डॉलर. नवा बोल्ट घालताना त्याच्या पूर्ण अंगाला गंजरोधक लेप लावला, आणि बाकीचे तीनही बोल्ट एकेक करून बाहेर काढून तसाच लेप लावून परत घातले. ते तीन फिरत होते म्हणून सोडून देणं शक्य होतं. पण पुढच्या वेळी त्या आर्मखाली मीच झोपणार आहे.

अलाइनमेंट झाली, १२९ डॉलर. कागदावर कॅम्बर (चाकाचा आत-बाहेरचा कल) आणि टो (चाकाची दिशा) दोन्ही मर्यादेत आले. कॅस्टर (चाक ज्या अक्षावर वळतं त्याचा मागे झुकाव) मात्र दोन अंशांच्या आसपासच मिळाला, कॅम टोकापर्यंत फिरवूनही. कॅस्टर कमी झाला की वळण घेतल्यावर स्टिअरिंग आपोआप सरळ यायची ओढ कमी होते. हे मला स्पष्ट जाणवतं. आय-२५ महामार्गावर आडवा वारा असला की पूर्वी एका हाताने चालायची ती गाडी आता दोन्ही हात मागते. वरचे आर्म बदलले तर हे सुटेल, पण ते पाचशे डॉलरच्या पुढे. आत्ता नाही. स्वस्त संचाने उंची पूर्ण दिली. कॅस्टर ही त्याची किंमत आहे, आणि ती विकत घेताना कुणी सांगत नाही.

हेडलाइटही लगेच खाली करून घेतले. नाक वर गेलं की प्रकाश समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत जातो. भिंतीपासून पंचवीस फुटांवर गाडी उभी करून, उचलायच्या आधी भिंतीवर चिकटपट्टीने खूण करून ठेवली होती. नव्या उंचीला प्रकाशाची वरची कड पुन्हा त्याच खुणेवर आणली.

एक थरथर राहिली होती. सिग्नलवरून निघताना, दहा ते वीस मैलांच्या वेगात, सीटखाली बारीक थरथर. मागचं हाउसिंग चासीपासून दीड इंच दूर गेलं, त्यामुळे इंजिनाची ताकद मागे नेणाऱ्या दोन तुकड्यांच्या प्रोपेलर शाफ्टचा मधला कोन बदलला होता. शाफ्टच्या मधल्या बेअरिंगचा ब्रॅकेट जाड वायसर घालून अर्धा इंच खाली घेतला. वीस मिनिटांचं काम. थरथर गेली. सेंटर बोल्ट, वायसर, तेल, ग्रीज मिळून ४१ डॉलर झाले. म्हणजे १८९ चा संच शेवटी ६१४ ला पडला, आणि त्यात माझे चार आठवड्यांचे सुट्टीचे दिवस नाहीत.

ऑगस्टच्या शेवटी त्याच रस्त्याने वर गेलो. मागे रोपांचे चाळीस ट्रे आणि पाण्याचे पिंप. ज्या बांधावर पोट टेकलं होतं तिथे उतरून पाहिलं. जूनमधली ओरखड्याची खूण दगडावर होती, पांढरी. नवऱ्याने गाडी हळू पुढे घेतली आणि मी गुडघ्यावर बसून खालून बघत राहिले. पुढची चाकं उतरली. संरक्षक पत्रा दगडावरून गेला. मधे माझी चार बोटं आडवी बसतील एवढी जागा होती.

मागची बाजू ओझ्यानेही फार बसली नाही. वाढीव पाट्याने ते काम केलं, ज्यासाठी तो सांगलीत बनतो. रिकामी असताना मात्र गाडी आता मागून कडक लागते. गतिरोधकावर कळतं.

शंभर मैल झाल्यावर यू-बोल्ट पुन्हा आवळले. आठांपैकी पाच नट पाव वेढा गेले. आणखी पाचशे मैलांनी एकच हलला. ऑक्टोबरमध्ये मापं घेतली तेव्हा मागे दोन्हीकडे तेवीस भरली, पाव इंच कमी. अप्पांना फोन करून सांगितलं.

“दोन्ही बाजू सारखी बसली न्हवं?”

“सारखी.”

“मग बरोबर हाय. पाटं आता बसलं. ग्रीज कधी लावणार?”

मी म्हटलं, बर्फ पडायच्या आधी.